न आलेला ताप

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा एक दिवा होतो. त्यात तेल-वात घालून तो गॅलरीत दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवला तर घरची वडीलधारी माणसे रागावतात; त्या एका संध्याकाळी मात्र तो तसाच ठेवतात, कारण तो यमाचा दिवा. घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये, एवढेच त्याच्याकडे मागणे. आधी आई हा दिवा लावीत असे, आता पत्नी लावते. लहानपणी मी एकदा आईला विचारले होते, "गेल्या वर्षी यम आला नाही तो या दिव्यामुळे, की तो येणारच नव्हता?" आई पणत्या पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आला नाही ना? मग झालं."

हे उत्तर मला बरीच वर्षे भाबडे वाटत असे. आता तसे वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगायचे तर मला स्वतःचा एक अपराध सांगावा लागेल. सणाच्या दिवसांत अपराधाच्या गोष्टी सांगू नयेत हे मला कळते. पण दिवाळीआधी आपण घरातला कानाकोपरा झाडतोच की नाही?

आम्ही मुलुंडला, पूर्वेला राहतो. इमारत जुनी, तीन मजल्यांची. शेजारची तशीच इमारत पाडून तिथे टॉवरचे काम सुरू झाले होते. २०१९ च्या श्रावणातली ही गोष्ट. दुपारी जेवून मी वर्तमानपत्र घेऊन आडवा झालो होतो. बेल वाजली. सेफ्टी डोअरच्या जाळीतून पाहिले, तर बाहेर एक बाई उभ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात वही, साडीचा काठ पावसाने भिजलेला. मागे महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्याचा एक माणूस बॅटरी घेऊन उभा होता. त्या म्हणाल्या, "काका, आरोग्य केंद्रातून आलोय. घरात कोणाला ताप आहे का? आणि कुंड्यांखालच्या बशा तेवढ्या बघू का? दोन मिनिटं लागतील."

मी म्हणालो, "ताप कोणाला नाही. बशा आम्ही रोज ओततो. पुढे जा."

बशा आम्ही रोज ओतत नव्हतो. महिन्यातून एकदा तरी ओतत होतो की नाही, देव जाणे. पण खोटे बोलल्याची टोचणी मला त्या वेळी लागली नाही. दार लावून मी पुन्हा आडवा झालो. "पुढे जा" हे शब्द आपण दारावर आलेल्या भिकाऱ्याला म्हणतो, हेही तेव्हा मनात आले नाही.

सुमारे तीन आठवड्यांनी आमच्या वॉचमनच्या मुलाला ताप भरला. जिन्याखालच्या खोलीत ते कुटुंब राहत असे. मुलगा सहा वर्षांचा. मी संध्याकाळी फिरायला निघालो की माझी काठी घेऊन फाटकापर्यंत पुढे धावायचा. डेंग्यू निघाला. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. वाचला. पण त्या अकरा दिवसांत बाप कामावर नव्हता, आई चार घरची धुणीभांडी करीत असे तीही सुटली, आणि वर कोणाकडून तरी कर्ज झाले. दिवाळीच्या आधी सगळे बिऱ्हाड गावी गेले ते परत आले नाही.

मुलगा रुग्णालयात असताना एके दिवशी पत्नीने गॅलरीतून हाक मारली. तुळशीच्या कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात काहीतरी वळवळत होते. तिने ते चहाच्या गाळण्यात धरले आणि माझ्यापुढे आणले. ती काही बोलली नाही.

माझी भाची अंधेरीच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. त्या वर्षी भाऊबीजेला बहिणीबरोबर ती आली, तेव्हा मी तिला आडून आडून विचारू लागलो. ती हुशार आहे. माझा रोख तिच्या ध्यानात आला असावा, पण तिने तसे दाखवले नाही. तिने सांगितले ते असे. डेंग्यू पसरवणारी डासाची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पाणी चढले की फुटतात. अळी, मग कोष, मग डास, हा सारा प्रवास आपल्या पावसाळी उष्म्यात आठ-दहा दिवसांत उरकतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवा, असे सांगतात. रोज केले पाहिजे असे नाही. पण आठवडा चुकवून चालत नाही. हा डास दिवसा चावतो आणि सहसा फार दूर जात नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. आणि आजारी माणसाला चावल्यावर लगेच तो दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. त्याच्या अंगात विषाणू मुरायला आठ ते बारा दिवस जावे लागतात.

मी मनातल्या मनात दिवस मोजले. हिशेब जुळत होता. पण शेजारच्या टॉवरच्या तळघरात साचलेल्या पाण्यानेही तो तितकाच जुळत होता.

"म्हणजे कुठला डास, हे कळायला मार्ग नाही?" मी विचारले.

"नाही हो मामा," ती म्हणाली. "ते कोणालाच कळत नाही."

तिला वाटले असेल की यामुळे मला धीर येईल. थोडा आलाही. पण माझा खरा प्रश्न त्या वाक्यापासूनच सुरू झाला. मी कोणाच्या थोबाडीत मारली असती तर गाल माहीत असता, हात माहीत असता. येथे हात माझा आहे, गाल त्या मुलाचा आहे, आणि मधली थप्पड कोणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जगातले कोणतेही न्यायालय मला दोषी धरणार नाही. मग मी दोषी आहे की नाही?

इंग्लंडमधले एक वैद्य जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये एक विसंगती मांडली. रोगप्रतिबंधाचा जो उपाय सबंध समाजाला फार मोठा लाभ देतो, तो त्यात भाग घेणाऱ्या एकेकट्या माणसाला फारच थोडा देतो, असे ते म्हणाले. म्हणजे असे बघा: आमच्या गल्लीतल्या शंभर घरांनी पावसाळाभर बशा ओतल्या, तर समजा दोनचार माणसांचा ताप टळेल. पण उरलेल्या शेकडो माणसांना तो येणारच नव्हता. तेव्हा मी बशी ओतली नाही म्हणून माझे काही बिघडण्याचा संभव अगदी थोडा. माझा आळस हिशेबाच्या दृष्टीने जवळजवळ शहाणपणाचाच ठरतो. शंभर घरांतून असे शंभर शहाणे निघाले, की जिन्याखालच्या खोलीत ताप येतो.

याच्या उलट बाजूकडे माझे लक्ष बरेच उशिरा गेले. ज्यांनी बशा ओतल्या त्यांनी कोणाला वाचवले, हेही कोणाला माहीत नाही. डॉक्टरने मरणाच्या दारातून परत आणलेला माणूस दिवाळीला त्याच्याकडे मिठाईचा पुडा घेऊन जातो. पण ज्याला ताप आलाच नाही, तो कोणाकडे पुडा घेऊन जाणार? त्याला ठाऊकच नसते की आपल्याला काही मिळाले आहे. आणि जिने दिले, तिलाही ठाऊक नसते की ते कोणाला पोचले. कृतज्ञतेला समोर एक चेहरा लागतो. येथे देणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा नाही आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचा नाही.

माझ्या डाव्या दंडावर देवी टोचल्याचे दोन वण आहेत. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर असतील. नातवाने एकदा बोट ठेवून विचारले, "आजोबा, हे काय आहे?" त्याच्या दंडावर ते नाहीत, कारण त्याची गरजच उरली नाही. भारतात देवीची पहिली लस टोचली गेली ती याच मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने ती लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी मजल दरमजल करीत आली होती. पावणेदोनशे वर्षांनी, १९७५ मध्ये, भारतातून देवी हटल्या. १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. शेवटच्या त्या दोन-तीन वर्षांत हजारो कर्मचारी हातात देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन घरोघर हिंडले, असा ताप कुठे पाहिलात का, म्हणून विचारत. ॲनाचे नाव इतिहासात राहिले. मला देवी टोचणाऱ्याचे नाव मात्र आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आई फक्त एवढेच सांगे की, "देवी काढणारा" आला म्हणताच आजीने मला फडताळामागे लपवले होते, आणि त्या माणसाने, "आजी, पोराचे पाय दिसतायत," असे म्हणून हसत मला बाहेर काढले. तो चिडला असता आणि निघून गेला असता, तर? काय झाले असते, मला ठाऊक नाही. बहुधा काहीच नाही.

फडताळामागे लपवण्याचा आजीला काही हक्क होता का? होता, असे मी म्हणेन; निदान तिच्या भीतीला कारण होते. या शहराने आरोग्याच्या नावाखाली दारावर पडलेल्या वाईट थापाही ऐकल्या आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरझडतीची पथके फिरू लागली. पुण्यात तर गोरे सोल्जर घरात, देवघरात शिरले. त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात विणकऱ्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आले आणि दंगल उसळली. पथकांचा हेतू वाईट नव्हता. प्लेग खरा होता, माणसे खरीच मरत होती. पण त्या थापेमागे बंदूक होती. तिला नाही म्हणता येत नव्हते. नाही म्हणता येत नसले, की हो म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.

माझ्या दाराशी आलेल्या बाईंना नाही म्हणता येत होते. मी म्हटलेही. पालिका नोटीस देऊ शकते, दंड करू शकते, हे खरे. पण त्या बाईंच्या हाती वही आणि पिशवी यांखेरीज काही नव्हते. त्यांनी विचारले आणि माझे उत्तर खरे मानून त्या पुढे गेल्या. सोल्जरला दार न उघडणे हे धैर्य होते. त्यांना दार न उघडणे हा नुसता आळस होता. ज्याला सहज नाकारता येते अशा माणसाला नाकारल्यावर दोष ढकलायला दुसरे कोणी उरत नाही. सगळा आपल्याच पदरात पडतो. १९११ साली बेंटली नावाच्या अधिकाऱ्याने मुंबईच्या हिवतापाचे मूळ विहिरींत आणि टाक्यांत दाखवून दिले आणि विहिरी बुजवण्याची मोहीम निघाली, तेव्हा लोकांनी विहिरीत देव आहेत, पीर आहेत म्हणून विरोध केला. त्यांची निदान श्रद्धा तरी होती. माझ्या बशीत कोणता देव होता?

२०२० मध्ये करोना आला. त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघर तपासणीची मोहीम राज्यभर सुरू झाली, आणि एका सकाळी त्याच बाई पुन्हा दाराशी उभ्या राहिल्या. तोंडाला मास्क होता. तरी मी त्यांना डोळ्यांवरून ओळखले. या वेळी मी सेफ्टी डोअर सताड उघडले. बोट पुढे केले, कपाळ पुढे केले, विचारण्याआधी सगळे सांगितले. त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा वहीत लिहिला. दोघेही ठणठणीत होतो. मला एकदम शरम वाटली. या वेळी दार उघडले ते काही त्यांच्या कामाची थोरवी पटली म्हणून नव्हे. मला भीती वाटत होती म्हणून. आदल्या वर्षी भीती शेजाऱ्याच्या वाट्याची होती. ती मला लागत नव्हती.

साथ ओसरल्यावर त्या बाई पुन्हा येऊ लागल्या. पत्नीने त्यांना चहाला बसवण्याचा पायंडा पाडला. त्या भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीत राहतात, दोन मुले आहेत. एकदा मी धीर करून त्यांना २०१९ ची गोष्ट सांगितली. त्यांना ती दुपार अजिबात आठवत नव्हती. "काका, रोज इतकी घरं होतात," त्या म्हणाल्या, "कोण काय बोललं ते लक्षात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी जिना चढवणार नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आमचं काम म्हणजे घर पुसण्यासारखं आहे. पुसलेलं कोणाला दिसत नाही. नाही पुसलं की दिसतं."

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "चाळीस वर्षं मी यांना हेच सांगतेय."

मी हसलो खरा, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. रोग येऊ नये म्हणून राबणाऱ्या या सगळ्या माणसांत बायकाच जास्त का, याचे उत्तर त्यात असावे. न दिसणारे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून करून घेतले, त्यांच्याकडेच हेही सोपवले. खेड्यांत २००५ पासून आशा ताई आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. मुंबईत आरोग्य केंद्रांच्या आरोग्यसेविका आहेत. त्यांना वर्षानुवर्षे 'स्वयंसेविका' म्हटले गेले आणि पगाराऐवजी मानधन मिळाले. आम्हाला कामगार म्हणा, एवढ्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मानधन हा मोठा लबाड शब्द आहे. त्यातला मान पुढे केला, की धन किती हे कोणी विचारत नाही.

माझ्या भाचीचेही तेच. ती मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरते. जंतू दिसला तर काम लवकर संपते. नाही दिसला तर काचेवरची निदान शंभर क्षेत्रे, एकामागून एक, पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचे नाही, असा नियम आहे. म्हणजे ज्या काचेत काही नाही, तिच्यावरच सगळ्यांत जास्त डोळे शिणवायचे. "कंटाळा येत नाही का गं?" असे मी विचारले. "येतो ना," ती म्हणाली. "पण मामा, एक्क्याण्णवाव्या जागी असला तर?"

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते, तीही सांगितली पाहिजे. निरोगी माणसाला सारखे तपासत राहिले तर तो निरोगी राहील की नाही, याची मला शंका आहे. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रक्तदाबाचे यंत्र घरी आणल्यापासून दिवसातून सहा वेळा दंड आवळून बसतात. त्यांचा दाब त्या यंत्रानेच वाढत असावा. रोग टाळायचा म्हणून जगणे टाळणारी माणसे आपण सारेच पाहतो. मी हे बाईंनाही बोलून दाखवले. त्यांनी वाद घातला नाही. "मी डॉक्टर नाही, काका," त्या म्हणाल्या. "मी एवढंच बघते की ज्याला दाखवायला पाहिजे तो दाखवतो का. बाकीच्यांना मीच सांगते, घरी बसा, काही झालेलं नाही." म्हणजे जे त्यांना नीट कळते, ते यंत्र विकणाऱ्याला कळत नाही किंवा कळून घ्यायचे नाही. भीती विकणे आणि काळजी घेणे यांत केवढे तरी अंतर आहे, आणि ते अंतर दाराशी उभ्या राहिलेल्या माणसावरच ठरते.

आता माझ्या अपराधाकडे परत येतो. त्या मुलाचा ताप माझ्या बशीतून गेला की टॉवरच्या तळघरातून, हे मला कधी कळणार नाही. त्याचा पत्ताही माझ्याकडे नाही; असता, तरी मी काय लिहिणार होतो? 'कदाचित माझ्यामुळे' असे लिहून क्षमा मागता येते का? मी पुष्कळ विचार केला आणि मला असे वाटू लागले आहे की, डास कोणाचा हा प्रश्न मी स्वतःला सोडवण्यासाठीच धरून बसलो होतो. डास माझा नसला, तरी दार माझेच होते. बाईंनी मला जे विचारले होते त्याचे खरे उत्तर मला माहीत होते, आणि मी दुसरे दिले. यासाठी कोणाच्या रक्ताची काच तपासावी लागत नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी बशा ओततो, घासतो आणि पालथ्या घालतो. त्यामुळे आजवर कोणाचा ताप टळला असेल तर ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. आईच्या भाषेत, आला नाही ना, मग झाले.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी विसरलो. नातू आला होता, त्या गडबडीत राहून गेले. मंगळवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. उठलो, गॅलरीतला दिवा लावला, चष्मा चढवला आणि तुळशीखालची बशी उचलून उजेडात धरली. पाण्यात काही हलत नव्हते. निदान मला तरी काही दिसले नाही.